टपालाला अमान्य

चिंचणीच्या आमच्या शाळेत गांधीजयंतीच्या सुमारास क्षयरोग-निवारणाची तिकिटे विकायला येत. भारतात ही प्रथा १९५० पासूनची. मूळ मात्र डेन्मार्कमधले. तिथल्या आयनार होल्ब्योल या टपाल-कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून १९०४ च्या नाताळात असे पहिले तिकीट निघाले. रूप टपालतिकिटाचे, पण टपालहशील म्हणून मोल शून्य. संग्राहक अशा तिकिटांना 'सिंड्रेला' म्हणतात.

मी तीच जमवतो. या छंदाचे मूळ एका चुकीत आहे. चौथीत असताना शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात असलेल्या काकाला मी पत्र लिहिले आणि पाकिटावर फक्त ते तिकीट चिकटवले. क्षयाचे तिकीट क्षयाच्या इस्पितळात पोचणारच, हा माझा तर्क! पत्र पोचले, पण 'नॉटपेड' म्हणून. दुप्पट हशील भरून काकाने ते सोडवून घेतले. मला मात्र त्याविषयी कधी बोलला नाही.

तो गेल्यावर त्याच्या ट्रंकेत ते पाकीट सापडले. तिकिटावर शिक्का नव्हता. शेजारी वसुलीची रक्कम लिहिलेली होती. माझ्या संग्रहातले हे पहिले तिकीट. जाणकार त्याला किंमत देणार नाहीत. काकाने ती केव्हाच, दुपटीने, चुकती केली आहे.