चिरंजीवांची सुट्टी

आमचे बिऱ्हाड मंचेरियलला आहे. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरील हे कोळशाच्या मुलखातले गाव २०१६ साली आदिलाबादपासून निराळे होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. येथे मराठी घरे आहेत, तेलुगू शेजार आहे, लग्नसराईत सनई आहे आणि बँडही आहे. परंतु जॅझ वाजविणारे घर आमच्या माहितीत एकच, आणि सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, ते आमचे!

आमच्या चिरंजीवांना हा नाद लागला तो कद्री गोपालनाथ यांच्यामुळे. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये ऐकलेला सॅक्सोफोन ह्या गृहस्थांनी कर्नाटक संगीताच्या बैठकीत आणून बसविला आणि २०१९ साली निधन होईपर्यंत दक्षिणेत तो घरोघरी पोहोचविला. रुद्रेश महंतप्पा ह्या अमेरिकेतील जॅझवादकाने त्यांच्याबरोबर २००८ साली 'किन्समेन' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. ती चिरंजीवांच्या कानी पडली आणि कर्नाटक संगीताच्या दाराने आत शिरलेला मुलगा जॅझच्या दाराने बाहेर पडला. गावातील एका बँडवाल्याकडून जुना सॅक्सोफोन विकत घेतला, त्याच्या पत्त्या टपालाने मागविल्या, आणि घरातील दुपारची झोप कायमची संपली.

दहावीची परीक्षा आटोपली आणि प्रश्न उभा राहिला : ही सुट्टी कोठे घालवावी? नातेवाइकांचे मत एकच होते. पुढे अभियांत्रिकी आहे, तेव्हा शिकवणीवर्गात नाव घाला. खरे सांगावयाचे तर आम्हा उभयतांचेही मन तिकडेच झुकत होते. कारण आदल्या उन्हाळ्यातील फजिती आम्ही विसरलो नव्हतो. एका मोठ्या शहरात दहा दिवसांच्या संगीतवर्गास आम्ही त्याला पाठविले होते. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले. प्रत्यक्षात चाळीस मुले आणि शिक्षक एक. मुलगा प्रशस्तिपत्र आणि नाव छापलेला सदरा घेऊन परत आला. "काय वाजविलेस?" असे विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली. दहा दिवसांत त्याची पाळी दोनदा आली होती. त्यानंतर तीन महिने वाद्य पेटीतून बाहेर आले नाही. ते तीन महिने आम्हांला पैशांपेक्षा जड गेले.

ह्या वेळी आम्ही सावधपणे चौकशी आरंभिली. बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयाचा पाच आठवड्यांचा उन्हाळी वर्ग जगप्रसिद्ध आहे. त्याच्या शुल्काचे रुपये करून पाहिले आणि कागद मुकाट्याने घडी करून ठेवला. चेन्नई झाली, मुंबई झाली. इमारती कोणाच्या, प्रशस्तिपत्र कोणाचे, वसतिगृह कसे, ह्यांची टिपणे घेऊन आम्ही वही भरविली. चिरंजीवांनी ती चाळली आणि म्हणाले, "बाबा, ह्यात एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. तिथे मला कुणाबरोबर वाजवायला मिळेल का?"

जॅझ म्हणजे गोंगाट, अशी आमची समजूत होती. त्या रात्री त्याने आम्हांला समजावून दिले. बहुधा बारा किंवा बत्तीस मात्रासमूहांची एक चाल असते; ती प्रथम सर्वांनी मिळून वाजवायची, मग त्याच चौकटीत एकेकाने आपापली नवी चाल तेथल्या तेथे रचायची आणि इतरांनी त्याला सांभाळायचे. आमच्या भजनी मंडळात बुवा अभंगाचे एक चरण घेऊन फिरत राहतात आणि पखवाजी त्यांच्याकडे पाहत असतो, त्यातलाच हा प्रकार. घरी तो भ्रमणध्वनीवरील तयार साथीबरोबर वाजवीत असे. "पण ते यंत्र आहे, बाबा. मी चुकलो तरी ते थांबत नाही, आणि चांगलं वाजवलं तरी त्याला कळत नाही."

त्यानंतर आमच्या चौकशीची तऱ्हाच बदलली. एका गटात किती मुले? रोज एकत्र किती वेळ वाजवितात? प्रवेशापूर्वी मुलाचे वादन कोणी ऐकतो काय? एके ठिकाणाहून उत्तर आले, "समारोपाच्या दिवशी सगळे एकत्र वाजवतात." तो कागदही घडी करून ठेवला.

पूर्वीचे लोक हे कोठे शिकले, असा विचार करता करता आम्ही गोव्यापर्यंत पोहोचलो. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या गावशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक लिऑन ॲबी १९३५ साली आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड आले, आणि गोव्याच्या वाचत्या वादकांनी ह्या मंडळींचे ऐकून आणि त्यांच्या शेजारी बसून ही विद्या उचलली. आल्डोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. 'चिक चॉकलेट' ह्या नावाने ते ट्रंपेट वाजवीत. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र ह्यांच्या चालींना त्यांनी जॅझचा साज चढविला, आणि १९५१ च्या 'अलबेला'त तर ते वाद्यवृंदासह पडद्यावरच दिसतात. हे कळताच आमच्या सौभाग्यवतींचा विरोध निम्म्याने मावळला, कारण त्यांच्या माहेरी 'अलबेला'ची गाणी पाठ होती.

शेवटी गोव्यातील एका निवृत्त वादकांचा पत्ता मिळाला. माहितीपत्रक नव्हते. ते घरच्या व्हरांड्यात उन्हाळ्यात चार मुले घेतात, त्यांनी आधी मुलाचे वादन दूरध्वनीवर ऐकले आणि इतकेच म्हणाले, "श्वास चांगला आहे, वाचन नाही. पाठवा." मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीच्या पात्रात वाळू तापलेली असताना आम्ही त्याला सिकंदराबादच्या गाडीत बसविले. गाडी सुटल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "ह्याही वेळी तसंच झालं तर?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पहिला आठवडा तक्रारींचा गेला. गुरुजी नुसते वाचन करून घेतात, हाताने ताल धरून स्वर तोंडाने म्हणावयास लावतात, वाद्याला हात नाही! दुसऱ्या आठवड्यात दूरध्वनी येईनासा झाला. आम्ही मनातून घाबरलो.

चौथ्या आठवड्यात आणावयास गेलो तेव्हा व्हरांड्यात वादन चालू होते. पियानोवर एक मुलगी, गिटार घेतलेला एक मुलगा, ड्रमवर एक लहानगा, आणि कडेला आमचे चिरंजीव. त्यांची पाळी आली आणि ते चुकले. सुरुवात हातची गेली. आमचा जीव खाली-वर झाला. पियानोवरील मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि शेवटचे चार मात्रासमूह पुन्हा वाजविले, जणू दार किलकिले करून धरावे तसे. ह्या वेळी तो आत शिरला. गुरुजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते, ते काहीच बोलले नाहीत.

जूनमध्ये शिकवणीवर्ग सुरू झाला, तोही चालू आहे. रविवारी मात्र चिरंजीव ज्या बँडवाल्याकडून वाद्य घेतले होते त्याच्या घरी जातात. तेथे एक ढोलवाला आहे, एक क्लॅरिनेटवाला आहे; दोघांनाही जॅझ ठाऊक नव्हते. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त असला म्हणजे सुट्टी.