मिल्ड्रेडचा लघुग्रह

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर साठ इंची दुर्बिणीपाशी बसून खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली तेव्हा ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांची अंतरं मोजत होते. आपली आकाशगंगा केवढी आणि तिच्यात सूर्य नेमका कुठे, याचा शोध चालला होता. इतक्या दूरवर नजर लागलेल्या माणसाला ६ सप्टेंबर १९१६ रोजी अगदी जवळचं काहीतरी सापडलं. सोबत सहकारी खगोलशास्त्रज्ञ सेथ निकल्सन होते. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला तो दोन-तीन किलोमीटरचा दगड होता.

त्या काळी लघुग्रह सापडायचे ते छायाचित्राच्या काचेवर. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीनं सरकत राहते, म्हणून तारे काळे ठिपके होऊन उमटतात. लघुग्रहाची चाल वेगळी, त्यामुळे त्या ठिपक्यांत एखादी केसाएवढी रेघ उठते. भिंगातून ती रेघ हेरणाऱ्या डोळ्यांचं मला फार अप्रूप वाटतं.

शॅप्लींच्या घरी तेव्हा दीड वर्षाची लेक होती, मिल्ड्रेड. दगडाला तिचंच नाव दिलं. क्रमांक मिळाला ८७८.

आणि तो हरवला! निरीक्षणं थोड्याच दिवसांची होती, म्हणजे कक्षेचा इवलासा तुकडाच हाती होता. त्यावरून पुढची सगळी वाट काढायची, तर गणितातली बारीकशी चूकही दर फेरीला वाढत जाते. सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ३.६ वर्षांची. काही फेऱ्यांनंतर आकाशात बघायचं तरी कुठे? आता कक्षा पक्की ठरल्याशिवाय लघुग्रहाला क्रमांक देत नाहीत, आणि क्रमांकाशिवाय नाव नाही. हा नियम मला योग्य वाटतो. पण १९१६ साली तो असता, तर या दगडाला मिल्ड्रेडचं नाव मिळालं नसतं.

ज्या मुलीचं नाव दिलं, ती मात्र वाढत होती. पाठीवर चार भाऊ झाले. त्यांतल्या लॉइडला पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मिल्ड्रेड शॅप्ली मॅथ्यूज झाल्यावर बाईंनी ॲरिझोना विद्यापीठात ग्रहविज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांच्या संपादनाचं काम केलं. शास्त्रज्ञांकडून लेख मिळवायचे, तपासायचे, एका सुरात आणायचे; हे काम मागे राहून करायचं असतं. पण त्याशिवाय विखुरलेलं ज्ञान एका जागी येत नाही. १९८९ साली लघुग्रहांवरचा ‘ॲस्टरॉइड्स टू’ हा ग्रंथ निघाला. संपादकांत त्यांचं नाव होतं, आणि त्यांच्या नावाचा लघुग्रह अजून बेपत्ताच होता.

तो सापडला १९९१ साली. खगोलशास्त्रज्ञ गॅरेथ विल्यम्स यांनी नव्या नोंदी आणि जुनी निरीक्षणं यांचा मेळ घातला, आणि ८७८ क्रमांकाचा दगड पुन्हा ओळखीचा झाला. मधल्या काळात त्याच्या वीसेक फेऱ्या होऊन गेल्या होत्या. निकल्सन १९६३ साली गेले, शॅप्ली १९७२ साली. लघुग्रह सापडला तेव्हा बाई शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं त्या जगल्या आणि २०१६ साली, एकशे एकावा वाढदिवस अगदी तोंडावर असताना गेल्या. तेवढ्या अवधीत त्यांच्या लघुग्रहाच्या सातेक फेऱ्या झाल्या. या खेपेला त्याची वाट ठाऊक होती.