पाव फेरा

अंधेरी (पूर्व)

प्रिय केतकी,

तुझ्या स्कूबाच्या वर्गातला बोरिवलीचा तो मुलगा सगळ्या बॅचसमोर प्रश्न विचारून वेळ खातो, म्हणून तू फोनवर वैतागली होतीस. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मग पाव फेरा मागे का घ्यायचा, एवढंच त्याचं म्हणणं. तू सांगितलंस, "असंच शिकवतात."

अगं, पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. जुने व्हॉल्व्ह टोकापर्यंत उघडले की अडकायचे, म्हणून ती सवय लागली. आताच्या व्हॉल्व्हना तिची गरज नाही. धोका मात्र आहे. घाईत कुणी उलट फिरवून व्हॉल्व्ह बंद केला आणि पाव फेराच उघडला, तर बोटीवर पत्ताही लागत नाही. गेजचा काटा 200 बार दाखवतो, दोन-चार श्वास मजेत येतात. 18 मीटरवर दाब जवळपास 2.8 पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तेवढीच जास्त लागते. ती त्या फटीतून पुरत नाही. म्हणून रेग्युलेटरमधून श्वास घेताना नजर काट्यावर हवी. श्वासागणिक तो खाली झुकून परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे. कित्येक प्रशिक्षक आता सरळ पूर्ण उघडायलाच शिकवतात.

पाण्यातून वर येण्याच्या वेगाचंही तेच, जुनी सवय नियम होऊन बसते. मिनिटाला 60 फूट हा अमेरिकी नौदलाचा आकडा 1950च्या दशकातली तडजोड होती: हेल्मेटवाल्या पाणबुड्यांना सावकाश यायचं होतं, पोहणाऱ्यांना झपाट्याने. 1993मध्ये नौदलानेच तो निम्म्यावर आणला.

माझी नोकरी सहारला, विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे विचारणाऱ्याचं ऐकलं नाही तर काय होतं म्हटलं की मला 22 मे 2010चा मंगळूरचा विमान अपघात आठवतो. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं तीनदा म्हटलं होतं. कॅप्टनने विमान उतरवलंच आणि 158 माणसं गेली. म्हणजे खालचा गप्प होता असं नाही; वरच्याला ऐकायची सवय नव्हती. "बिनधास्त विचारा" असं पोरांना सांगून तुझं काम संपत नाही, ते याचसाठी.

शेवटी "काही शंका?" विचारलंस तर सगळे माना डोलावणार. क्लासेसमध्ये वाढलेली मुलं ती, मॅडमना अडवायचं नसतं हे त्यांना पाठ आहे. त्यापेक्षा तारकर्लीला निघण्याआधी तलावाच्या काठावर स्वतःचा व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धवट ठेव, गिअर तपासायला त्यांच्या हातात दे आणि कोण बोलतं ते बघ. कोणीच बोललं नाही तर चिडू नकोस, पुन्हा कर.

पाण्याखाली मात्र चर्चा नाही. अंगठा वर दिसला की आधी जोडीने, ठरलेल्या वेगाने वर यायचं. कारण बोटीवर विचारायचं. आणि ज्याने अंगठा दाखवला त्याची तिथे कुणी टिंगल करायला लागलं, तर तुझा आवाज पहिला यायला हवा.

तुझा,
मामा