होडी रस्त्याने नेताना : काही टिपणे

● मुंबई बंदरात पावसाळ्यात शिडाच्या छोट्या होड्या किनाऱ्यावर पडून राहतात. नेमका त्याच दिवसांत, जुलैत, हैदराबादला हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांच्या स्पर्धेचा सेलिंग वीक भरतो. मध्ये घाट आणि सुमारे सातशे किलोमीटरचा रस्ता.

● भाडे वजनाचे नसते, जागेचे असते. लेझर जातीच्या होडीचा हल (नुसते धड) ५९ किलोचा, म्हणजे सिमेंटच्या गोणीहून थोडा जड. पण लांबी ४.२३ मीटर. तीन-चार टन उचलणारी गाडी आपण एवढ्याशा वजनासाठी अडवतो. वाहतूक स्वस्तात करायची, तर ही जागा मुळात कमी करायची, नाहीतर वाटून घ्यायची.

● ट्रान्सपोर्टवाले गाड्या फुटांत ओळखतात : चौदा फुटी, सतरा फुटी. लेझर १३ फूट १०½ इंच, म्हणजे चौदा फुटीत दीड इंच उरतो, तोही कागदावर. हौदा आतून टेप लावून मोजावा. कमी भरला तर नाळ केबिनच्या बाजूला मीटरभर उचलून ठेवावी. आडव्या लांबीत दहा-बारा सेंटिमीटर वाचतात आणि फाळका बंद होतो. सुकाणू आधीच काढलेले बरे.

● ‘छोटा हत्ती’ टेम्पो भाड्याला स्वस्त, पण हौदा जेमतेम सात फुटी. मुलांची ऑप्टिमिस्ट होडीसुद्धा पावणेआठ फूट भरते. तिच्यासाठी लांब हौद्याचा पिकअप पाहावा.

● ‘मागे लाल फडकं बांधू, काही होत नाही.’ होते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. फोर-ट्वेंटीसारख्या होडीची डोलकाठी अखंड आणि सहा मीटरांवर असते. अशा वेळी गाडी होडीच्या मापाने नव्हे, काठीच्या मापाने ठरते.

● ही अडचण काही आराखडाकारांनी कागदावरच सोडवली. १९६२ ची मिरर होडी प्लायवूडची, ४५ किलोच्या आसपास. तिच्या शिडाच्या काठ्या तुकड्यांत असतात आणि होडीच्या पोटातच मावतात. ब्रूस कर्बींनी १९६९ मध्ये लेझरचे पहिले रेखाटन केले ते मोटारीच्या टपावर जाईल अशा होडीचे. तिची डोलकाठी दोन तुकड्यांत आहे ती त्यासाठीच. होडी घेताना पाण्यावरचा वेग सगळेच विचारतात. काठीचा सर्वांत लांब तुकडा किती, हेही विचारावे.

● परतीची गाडी. भिवंडीत माल उतरवून तेलंगणाकडे रिकामी निघालेली गाडी मिळाली तर भाडे चांगलेच उतरते. अट एकच : तारीख तिची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोचायचे आहे हे बोलून दाखवले की भाव परत वर जातो. हाताशी चार दिवस ठेवून बोलणी करावीत.

● पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर पाठवणे, आणखी स्वस्त दिसते. पण वाटेत एखाद्या गोदामात माल उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, आणि पालथ्या होडीची सपाट पाठ दिसली की कोणीतरी त्यावर खोके ठेवतोच. शिडांच्या पिशव्या, दोऱ्या खुशाल पाठवाव्यात. हल नाही.

● परदेशात मोटारीमागे ट्रेलर जोडून होडी नेणे हा नेहमीचा मार्ग. आपल्याकडे ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि हूक बसवलेली मोटार शोधावी लागते. होडी पाण्यात सोडायची ट्रॉली म्हणजे रोड-ट्रेलर नव्हे. तिची चाके उतारावरून ढकलण्यापुरती. मात्र ती गाडीत टाकावीच. दोन्ही टोकांची हमाली वाचते.

● बांधणी. लेझर पालथी, कडांवर टेकवून, खाली जुन्या गाद्या. रॅचेट पट्टा आवळण्याआधी त्या जागेवरून ओले फडके फिरवावे; पट्ट्याखाली चिमूटभर वाळू राहिली तर हैदराबादपर्यंत ती पॉलिश-पेपरचे काम करते. पट्टा दोरी ताणल्यासारखा ताणू नये. हल चेपतो. मागचे बूच उघडे ठेवावे, कारण उन्हात आतली हवा फुगते. ताडपत्री सैल असेल तर न घातलेली बरी. फडफडून जेलकोट (हलवरचा गुळगुळीत थर) घासते.

● कागद : होडीची पावती, क्लबचे किंवा स्पर्धेचे पत्र, सामानाची यादी, होडीचा फोटो. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिलाचा नियम आहे. आपल्याला तो लागू होतो का, हे गाडी भरण्याआधी विचारावे. वाटेत तपासणी झाली तर ‘यात विकायचे काही नाही’ हे पटवताना फोटोपेक्षा पत्र कामाला येते.

● वाटणी. काठावर उभ्या करून, मध्ये गाद्या सारून, चौदा फुटीत तीन-चार लेझर बसतात. भाड्याचे तितकेच भाग पडतात. सोबती मिळाले नाहीत, तर हैदराबादलाच होडी भाड्याने मिळते का ते पाहावे. नियमांत बसत असेल तर स्वतःचे शीड, दोऱ्या आणि टिलर (सुकाणूची दांडी) घेऊन रेल्वेने जावे. एकट्या होडीसाठी अख्खी गाडी, हाच काय तो महाग मार्ग.