पानं नसलेलं झाड



ताईला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून भावजी मिस्साला येत नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची मला सवय. भावजींनाही मी वचनं ऐकवत राहिले. ते ऐकून घेत, बोलत नसत.

उपवासकाळातल्या एका शनिवारी त्यांनीच विचारलं, "मांडवला येतेस? तुझ्या ताईला जायचं होतं."

पहाटे परदेशीपुऱ्यातून निघालो. मांडव इथून सुमारे ९५ किलोमीटर. बेटमा मागे पडलं आणि दोन्हीकडे पिकलेला गहू लागला. जिथं कापणी झाली होती तिथं काळ्या मातीत बगळे किडे टिपत होते. धारनंतर नालछ्याच्या बाजूला पळस फुलले होते. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. मोहाखाली बायका टोपल्यांत फुलं वेचत होत्या. भावजींनी गाडी हळू केली. एक वचन माझ्या ओठांवर आलं, पण त्यांच्याकडे बघून मी गप्प बसले.

काकडा खोहची दरी ओलांडली आणि गोरखचिंचा दिसू लागल्या. ही झाडं मूळची आफ्रिकेतली, पण इथं त्यांना खुरासानी इमली म्हणतात. खोड चार माणसांच्या कवेत न मावणारं, आणि वर उघड्या, राखाडी फांद्या. भावजींनी फळं विकणाऱ्या बाईला विचारलं, "ये पेड़ सूख गया क्या?"

ती हसली. "नहीं भैया, बारिश में देखना."

हे झाड खोडात पाणी साठवतं आणि पानांवाचून कित्येक महिने उभं राहतं. भावजी खोडाला हात लावून बराच वेळ उभे होते. मी बोलले नाही.

परतताना मला लूक १३ मधला अंजिराच्या झाडाचा दाखला आठवला. दरवर्षी मी तो मुलांना शिकवते. त्यातला माळी झाडाला उपदेश करत नाही. तो धन्याकडे आणखी एक वर्ष मागतो, आणि भोवती खणून खत घालायचं काम स्वतःकडे घेतो. एवढी वर्षं शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भावजी अजून मिस्साला येत नाहीत. रविवारी मिस्सा झाल्यावर मी त्यांच्याकडे डबा घेऊन जाते. आम्ही जेवतो, ताईबद्दल बोलतो. मांडवहून आणलेलं फळ त्यांनी खिडकीत ठेवलंय.

प्रभू, पावसाची वेळ तुला ठाऊक आहे. तोवर आम्हाला माळ्याचं काम करू दे. आमेन.