चाकणची गाडी डीमनला

अॅमस्टरडॅम बघून गेलेला कुठलाही पाहुणा "आम्ही डीमनलाही जाऊन आलो" असं सांगताना आम्ही अजून ऐकलेला नाही. कालवे झाले, व्हॅन गॉग झाला, ट्यूलिपच्या बागा झाल्या, चीज बांधून घेतलं की पाहुणे विमानतळाकडे. सेंट्रल स्टेशनवरून वेस्पच्या बाजूला जाणारी लोकल पकडली की पंधरा-वीस मिनिटांत आमचं डीमन येतं. एकोणीस नंबरची ट्राम तर गावातून फिरून स्नीप नावाच्या शेवटच्या थांब्यावर दम खायला उभी राहते. गावाची वस्ती तीस हजारांवर. बहुतेक सगळ्या बाजूंनी अॅमस्टरडॅमने वेढलेलं, तरी नगरपालिका स्वतंत्र. पुण्याला खेटून असलेल्या पिंपरी-चिंचवडकरांना "तुम्ही पुण्याचेच ना?" म्हटलं की जे वाटतं, तेच डीमनकरांना "तुम्ही अॅमस्टरडॅमचेच ना?" म्हटलं की वाटतं. आम्ही दोन्ही ठिकाणी राहिलोय, म्हणून खात्रीने सांगतो.

तर अशा या शांत गावात गेल्या वसंतात आमच्या घरी एक मोटरसायकल आली, आणि घराची शांतता गेली.

चिरंजीव एकवीस वर्षांचे. शिक्षण चालू, संध्याकाळी सुपरमार्केटात काम. त्या पगारातून त्यांनी जुनी केटीएम ३९० ड्यूक घेतली. सौभाग्यवतींनी तिच्याकडे परक्या घरातली सून आल्यासारखं बघितलं. आम्ही मात्र मनातून हरखलो, कारण ही गाडी जातीने ऑस्ट्रियन असली तरी जन्माने आपल्या चाकणची. बजाजने २००७ साली केटीएममध्ये भांडवल घातलं, आणि २०१३ पासून या ३९० गाड्या चाकणहून युरोपभर येऊ लागल्या. आमचं बालपण आकुर्डीत गेलं. तेव्हा चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. त्या चाकणची गाडी डीमनच्या दाराशी उभी बघून आम्ही गुपचूप तिच्या टाकीवर हळद-कुंकू वाहिलं. चिरंजीवांनी ते ओल्या फडक्याने पुसलं, पण काही बोलले नाहीत.

दोन आठवड्यांत तक्रार सुरू झाली. "बाबा, गाडी हळू चालवली की झटके देते. कंपनीने मुद्दाम बांधून ठेवलीय. ईसीयू बदलून घेतो, फिल्टर मोकळा टाकतो, सायलेन्सर बदलतो. मग बघा." खर्च ऐकला. सुपरमार्केटचा दोन महिन्यांचा पगार.

आम्ही एका शब्दात उत्तर दिलं, "नाही." कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, "नाही म्हणजे नाही." आमच्या वडिलांचीच भाषा आमच्या तोंडून आली, आणि ती डीमनमध्ये काही चालली नाही.

शेजारी एक डच आजोबा राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्याकडे वकिली मागायला गेलो तर ते चिरंजीवांच्याच बाजूचे निघाले. या देशात मोपेडला 'ब्रॉमर' म्हणतात. ५० सीसीचं इंजिन, ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा. तिच्याहून सौम्य 'स्नॉरफिट्स'ला २५ची. आणि ही मर्यादा मोडण्यासाठी इंजिनात जी कारागिरी करतात तिला 'ओपफूरन' म्हणतात. आजोबांच्या तारुण्यात गावोगावची पोरं क्राइडलर आणि पुख घेऊन हेच करत. पोलीसही काही कच्चे नव्हेत. त्यांच्याकडे रोलर लावलेलं यंत्र असतं. गाडीचं चाक त्यावर फिरवलं की खरा वेग कळतो आणि पोरगं घरी चालत जातं. आजोबांचा ऊर अभिमानाने भरून आला होता. अॅमस्टरडॅमच्या व्हॅन वेेन यांच्या क्राइडलरवर यान डे फ्रीस या डच गड्याने १९७१ आणि १९७३ साली ५० सीसीचं जगज्जेतेपद आणलं! आसनची टीटी शर्यत तर १९२५ पासूनची. "ट्यूनिंग वाईट असतं तर आम्हाला हे मिळालं असतं का?" आजोबांनी विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खरं म्हणजे होतं. पण ते आम्ही तेहतीस-चौतीस वर्षं कुणालाच दिलं नव्हतं.

एका रविवारी चिरंजीवांना म्हटलं, चल, सायकलवरून फोर्टापर्यंत जाऊन येऊ. डीमनहून निघालं की अॅमस्टरडॅम-राइन कालवा आडवा येतो. हा कालवा १९५२ साली सुरू झाला. त्यातून मालवाहू बोटी इतक्या संथ जातात की आपणच मागे सरकतोय असं वाटावं. त्यावर सायकलवाल्यांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी २००६ साली बांधलेला नेस्किओ पूल आहे, सुमारे ७८० मीटर लांब. एका डच लेखकाच्या टोपणनावावरून त्याला हे नाव दिलंय, आणि नेस्किओचा लॅटिन अर्थ "मला ठाऊक नाही." पूल उतरलं की डीमरझेडेक, म्हणजे डीमनचा समुद्रबांध. १९३२ साली मोठं धरण घालून समुद्र अडवला, तोवर शेकडो वर्षं खारं पाणी याच बांधावर डोकं आपटत होतं. आता पलीकडे गोडं पाणी आहे, बदकं आहेत. बांधालगत सुरेख बाग आहे. पण त्या हिरवळीखाली एकेकाळी टाकलेला रासायनिक कचरा आहे. काढणं शक्य नव्हतं, म्हणून भोवती जमिनीत भिंती घातल्या, वरून झाकलं आणि गवत लावलं. पुढे वीजकेंद्राची धुरांडी, आणि मग फोर्ट डीमरडाम. अॅमस्टरडॅमभोवतीच्या पाणसंरक्षणाच्या किल्ल्यांपैकी हा एक. ती सगळी माळ १९९६ पासून जागतिक वारशात आहे.

तिथे कॉफी घेऊन पाण्याकडे तोंड करून बसलो. म्हटलं, "काकाचा पाय कशाने अधू झाला, ठाऊक आहे ना?"

"रस्त्यावर ऑइल सांडलं होतं. शिरवळजवळ."

"ऑइल नव्हतं."

मग सांगितलं. १९९१ साल. दादाने यामाहा आरएक्स १०० घेतली होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर. पुण्यात त्या गाडीचा आवाज ऐकून पोरं खिडकीत येत. आम्हाला नोकरी लागली, पहिल्या पगारातून दादाला भेट म्हणून गाडी ट्यून करून दिली. एका गॅरेजात पोर्ट घासून घेतले, सायलेन्सर मोकळा केला. मेकॅनिक म्हणाला होता, आता कार्बोरेटरचा मेन जेट मोठा टाकायला लागेल, जेट उद्या येईल, परवा गाडी न्या. आमच्याकडचे पैसे संपले होते आणि दादाला दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जायचं होतं. आम्हीच म्हटलं, जेटचं पुढच्या महिन्यात बघू.

चिरंजीव मेकॅनिकल शिकतात, पुढचं त्यांनी आमच्याआधी ओळखलं. मोकळ्या सायलेन्सरने हवा जास्त ओढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ झालं की ज्वलन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला थंडावा देणारं येणारं मिश्रणच असतं. गावात फिरताना काही कळत नाही. सरळ मोकळ्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळून दहा मिनिटं गाडी पळवली की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. शिरवळ सोडल्यावर दादाची गाडी तशीच जाम झाली. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, आणि गुडघा गेला. घरी विचारलं तेव्हा ऑइल सांडलं होतं असं आम्ही म्हटलं. दादानेही तेच म्हटलं. पुढे तेच खरं झालं.

बराच वेळ पोरगं काही बोललं नाही. मग म्हणालं, "बाबा, एक सांगू? हा दोष ट्यूनिंगचा नाही. अर्धवट ट्यूनिंगचा आहे."

आम्हाला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते बरोबर होतं. आम्ही इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, तो गुन्हेगार नव्हताच. गुन्हेगार आमची घाई होती.

मग वादाची चर्चा झाली. कंपनीचं सेटिंग वाईट नसतं, ते सगळ्यांसाठी असतं: लडाखची थंडी, नागपूरचा मे महिना, कसलंही पेट्रोल, आणि वर वॉरंटी. धुराचे नियम पाळायला पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, असं प्रमाण बराच वेळ धरून ठेवावं लागतं, तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. इंजिनाची पूर्ण ताकद याहून थोड्या जाड मिश्रणावर, तेराच्या आसपास मिळते. म्हणजे ट्यूनर खोटं बोलत नाही, काहीतरी मिळतंच. चांगला ट्यूनर तीच गाडी रोलरवर चढवून, मोजून, तिच्यापुरतं सेटिंग करतो. पण मिळतं किती? आपली गाडी ३७३ सीसीची, ३२ किलोवॉटची. चिरंजीवांचं लायसन ए-दोन, त्याची मर्यादा ३५ किलोवॉट. म्हणजे कायद्याने मोकळी असलेली जागा फार तर तीन किलोवॉट. त्यापुढे गेलं तर लायसन चालत नाही, आणि न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर समोरच्याला दिलेले पैसे विमा कंपनी आपल्याकडून वसूल करू शकते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या अशा फेरफाराला आडवं येतंच. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले फटाके सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. आवाजाचं तर विचारूच नका. ऑस्ट्रियाच्या तिरोलमधल्या एका भागात २०२० पासून उन्हाळ्यात काही रस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकलींना बंदीच आहे.

"आणि झटके?" आम्ही विचारलं.

"तेच तर कळत नाही."

ते कळलं आजोबांना. परत आलो तेव्हा ते गाडीपाशी वाकून उभे होते. खालून साखळीला बोट लावून त्यांनी ती वर उचलली, सोडली, आणि आमच्याकडे बघितलं. साखळी इतकी सैल होती की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. सैल साखळीने हळू वेगात, मूठ सोडता-धरता, गाडी हिसके देणारच. आजोबांनी आपला जुना पान्ह्यांचा डबा आणला. तासाभरात साखळी ताणली, मागचं चाक सरळ रेषेत आणलं, अॅक्सिलरेटरच्या वायरचा ढिलेपणा काढला. चिरंजीव गावातून एक चक्कर मारून आले. ३० च्या वेगमर्यादेच्या आमच्या गल्लीतून गाडी अशी आली, जशी गोड बोलून पटवलेली म्हैस.

"झटके गेले," चिरंजीव म्हणाले. मग जरा हिरमुसून, "सगळे नाही, पण बरेच."

निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. ईसीयूला हात लावायचा नाही. लायसनची दोन वर्षं पुरी होऊन मोठं लायसन मिळालं की पुन्हा विचार, आणि तेव्हाही आधी रोलरवर मोजून, मग पैसे. सायलेन्सर मात्र बदलणार, पण 'ई' शिक्क्याचा, मान्यता असलेला, आतली आवाज दाबणारी नळी न काढता. उरलेल्या पैशात नवे टायर. आम्ही मान डोलावली. सायलेन्सर आम्हाला अजूनही पटलेला नाही, पण प्रत्येक गोष्ट बापाला पटलीच पाहिजे असं काही नेदरलँड्सच्या घटनेत नसावं.

एक काम राहिलं होतं. रात्री पुण्याला फोन लावला. सौ. शेजारी बसल्या होत्या, त्यांनाही त्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही दादाला सगळं सांगितलं, जेटचं, पैशांचं, "पुढच्या महिन्यात बघू"चं. पलीकडे शांतता. वाटलं लाइन गेली.

"अरे," दादा म्हणाला, "मेकॅनिकने सकाळी मलाही सांगितलं होतं, जोरात पळवू नका म्हणून. मी कुठे ऐकलं?"

आम्हाला बोलवेना. दादाच म्हणाला, "ते जाऊ दे. पोराने आपल्या चाकणची गाडी घेतलीय म्हणतोस? तिकडे?"

"हो."

"मग मुद्द्याचं सांग. अॅव्हरेज किती देते?"