गती आणि लय

गती आणि लय या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे गाण्याची थोडीशी जाण असलेल्या कोणासही सांगावयास नको. द्रुत लयीत हात कितीही चपळ चालला, तरी एक मात्रा हुकली की श्रोत्याच्या कपाळाला आठी पडते. उलट विलंबित ठेका मंद असूनही समेवर बिनचूक आला म्हणजे मान आपोआप डोलते. कानाला जे इतके सहज कळते ते डोळ्यालाही कळते, याचा प्रत्यय आम्हांला अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणी आला. ते ठिकाण म्हणजे मुले घरच्या संगणकावर खेळतात ते खेळ.

या खेळांना नाक मुरडण्याची आमच्या पिढीला सवयच आहे. परंतु बदलीची नोकरी असलेल्या घरात त्यांचे स्थान थोडे निराळे असते. बदलीचा हुकूम आला की आपण सामान बांधतो, पण मुलांचे मित्र काही सामानात बांधता येत नाहीत. आम्ही बडोद्याहून झाशीला आलो, तेव्हा आमच्या चिरंजीवांचे सारे मित्र तिकडेच राहिले. रोज रात्री जेवणापूर्वी तासभर त्यांच्याबरोबर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळणे, एवढाच काय तो त्यांच्याशी उरलेला धागा. ते त्याचे अंगणच म्हणा ना!

उन्हाळा लागला आणि या अंगणात खोडा पडला. मोटार भरधाव वळणावर यावी, पडद्यावरील चित्र क्षणभर थिजावे आणि पुढच्याच क्षणी उडी मारून पुढे जावे. तेवढ्यात आमच्या चिरंजीवांची गाडी दुसऱ्या दोघांना घेऊन कठड्यावर आदळलेली असे. मुलेच ती, त्यांनी दोन दिवस सोसले आणि तिसऱ्या दिवशी ‘आज तू नुसता बघ’ असे सांगून टाकले. चौथ्या दिवशी मुलगा संगणकापाशी बसलाच नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, बिघाड यंत्रात असला तरी मोडते आहे ते दुसरेच काही.

दुकानदाराने सल्ला दिला, की नवे ग्राफिक्स कार्ड घ्या. किंमत ऐकून आम्ही सरकारी नोकराच्या स्वभावधर्मास जागलो, म्हणजे कारण समजल्याविना खर्चास मंजुरी नाही असे ठरविले.

पहिला प्रश्न असा की, दोष तारेचा की यंत्राचा? मुले दोहोंनाही ‘लॅग’ म्हणतात. परंतु इंटरनेट तोडून एकट्याने खेळतानाही चित्र अडखळले, तेव्हा तारेवरचा आरोप आपोआप फिटला. मग चिरंजीवांनी एक मार्मिक प्रश्न विचारला, “बाबा, आकडा तर सेकंदाला पंचावन्न फ्रेम दाखवतो. मग अडखळतं कशाला?”

या प्रश्नातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. सेकंदाला ६० चित्रे उमटवावयाची, तर एकेका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. समजा, ५४ चित्रे वेळेवर उमटली आणि एकच चित्र १०० मिलिसेकंद रेंगाळले. सेकंद भरला, चित्रे झाली ५५. कागदोपत्री सारे उत्तम. पण ते एक चित्र सहापट उशिरा आले आणि नेमके तेच डोळ्याला खुपले. सरासरी ही मोठी मायावी बाई आहे. ज्या कचेरीत शंभरांपैकी नव्याण्णव अर्ज दुसऱ्याच दिवशी निकालात निघतात, तिच्या अहवालात शंभरावा अर्ज कुठे दिसतो? तो दिसतो फक्त त्या अर्जदाराला. संगणकांच्या परीक्षणांतही पुष्कळ वर्षे हीच सरासरी प्रमाण मानली जाई. २०११ साली ‘द टेक रिपोर्ट’मध्ये स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या पोटात शिरून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला. आज सर्वांत मंद अशा एक टक्का चित्रांचा आकडा निराळा सांगण्याची जी प्रथा रूढ आहे, तिच्यामागे हाच विचार आहे.

मग आम्ही एक वही केली. एका वेळी एकच बदल करावयाचा, शर्यतीचा तोच रस्ता तीनदा धावावयाचा आणि मंद चित्रांचा आकडा लिहून ठेवावयाचा, असा नियम घातला.

आरंभ केराने झाला. झाशीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि लू वाहू लागली की धूळ कपाटातल्या पुस्तकांनाही सोडीत नाही. संगणकाची पेटी उघडली तो पंख्यावर धुळीचे अस्तर! प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वसंरक्षणासाठी स्वतःच आपला वेग उतरवतो. घाम निथळणारा हमाल दर दहा पावलांवर बोजा टेकवतो, तसाच हा प्रकार. पंखा स्वच्छ झाला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली आणि निम्मे अडखळणे गेले.

दुसरा शोध रॅमचा. तिच्या पट्टीवर वेग छापलेला होता ३२००, आणि टास्क मॅनेजर दाखवीत होता २१३३. यात फसवणूक कोणाचीच नसते. छापलेला वेग हा बायॉसमध्ये एक्सएमपी नावाची तयार मांडणी चालू केल्यावर मिळावयाचा असतो. तोवर मदरबोर्ड सुरक्षित अशा कमी वेगावर चालतो. एएमडीने २०२२ साली आपल्या नव्या प्रोसेसरांसाठी अशीच एक्स्पो नावाची मांडणी आणली. शिवाय दोन पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत बसविल्या होत्या. चार खाचांच्या मदरबोर्डात बहुधा दुसरी आणि चौथी खाच वापरावयाची असते, म्हणजे दोन्ही वाटा उघड्या होतात. नाहीतर दोन दारांच्या गोदामात एकच दार उघडे ठेवून साऱ्या गाड्यांनी रांग लावावी, तसे होते. बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेले असते, पण पुस्तिका वाचतो कोण?

तिसरी गोष्ट अगदी किरकोळ. विंडोजमधील विजेची योजना कोणीतरी काटकसरीची ठेवली होती. काटकसर हा गुण खरा. पण पळणाऱ्याने श्वासाची काटकसर करू नये. ती ‘बॅलन्स्ड’वर आणणे पुरेसे झाले.

या खटपटीत आम्हांला एक जुने प्रकरण वाचावयास मिळाले. २०२२ साली एएमडीने जाहीर केले की, आपल्या रायझन प्रोसेसरांच्या काही संगणकांवर सुरक्षाकिल्ल्या सांभाळणारी एफटीपीएम ही यंत्रणा अधूनमधून मदरबोर्डावरील बायॉसच्या चिपेशी लांबलचक देवघेव करीत बसते आणि तेवढा वेळ सारे यंत्र थबकते. कारकून तळघरातल्या कपाटाची किल्ली घेऊन गेला आणि तो परतेपर्यंत सारी कचेरी हातावर हात ठेवून बसली! त्यावरचा उपाय त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून नव्या बायॉसच्या रूपाने मिळू लागला. यंत्र दुबळे नव्हते. साखळीतला एक दुवा थांबत होता. बायॉस बदलू इच्छिणाऱ्याने मात्र दोन पथ्ये पाळावीत. वीज मध्येच जाणार नाही याची यूपीएस लावून तजवीज करावी, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी.

एवढे यश आल्यावर चिरंजीवांना चेव चढला. बायॉसमधील ‘परफॉर्मन्स’ शब्द असलेले प्रत्येक बटण दाबून पाहावे असे त्यांना वाटू लागले. तेथे आम्ही हात धरला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांची २०२४ सालची कथा ताजी आहे. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक विद्युत्-दाब मागून घेत होते आणि त्याने ते अस्थिर होऊन झिजत होते. कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला, हमी दोन वर्षांनी वाढविली आणि मदरबोर्ड मूळ मर्यादांवर ठेवावा असे सांगितले. पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही. मर्यादा ही नेहमीच कंजूषपणाने घातलेली नसते.

दुसरा मोह सुरक्षिततेचा बळी देण्याचा. विंडोजमधील मेमरी इंटिग्रिटी नावाचा पहारा बंद केल्यास काही खेळ अधिक वेगाने चालतात, आणि खेळापुरता तो बंद करून पुन्हा चालू करावा, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०२२ साली सांगितले होते. पण ज्या संगणकावर मुलगा शर्यत खेळतो त्यावरच आम्ही बँकेचे व्यवहार करतो. ‘पुन्हा चालू करावा’ हे शब्द घाईच्या वेळी कोणास आठवतात? पहारा आम्ही तसाच ठेवला. त्यामुळे चार-दोन चित्रे कमी पडली असतील, तर ती त्या पहारेकऱ्याची पगारवाढ समजावी.

आणि काही अडखळणे असे असते की, ज्याला आपल्या हातचा उपायच नाही. पुष्कळ नवे खेळ प्रकाश-धुराचा एखादा देखावा प्रथमच दाखवताना त्याची तयारी ऐन वेळी करू लागतात. पाहुणे पानावर बसल्यावर डाळ शिजत घालावी, तसे. दुसऱ्या खेपेला तोच देखावा सुरळीत दिसला, तर दोष आपल्या यंत्राचा नव्हे, खेळ रचणाऱ्याचा. तेथे कोणतेही सेटिंग बदलण्यात हशील नाही.

वहीतील शेवटच्या नोंदी पाहिल्या, तर सरासरी ५५ वरून फक्त ५९ झाली आहे. दुकानदाराला हा आकडा दाखवला असता तो हसला असता. परंतु मंद चित्रांचा आकडा २१ होता तो ४८ झाला, आणि नवे कार्ड न घेताच बडोद्याच्या टोळीने आमच्या चिरंजीवांना पुन्हा शर्यतीत घेतले. त्यांनी आकडे विचारलेच नाहीत. गाडी आता धक्का देत नाही, एवढेच त्यांना कळले.

वहीचे ते पान मुलाने आता पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवले आहे. पुढचा हुकूम कधीतरी येईलच. नव्या गावची हवा निराळी असेल, धूळ निराळी असेल, आणि झाशीची मुलेही तोवर त्या रात्रीच्या शर्यतीत सामील झालेली असतील. सामान उतरले की झाकण उघडावयाचे आणि पहिल्या ओळीपासून आरंभ करावयाचा. ती ओळ आहे, ‘आधी पंखा पुसा.’